शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

आपल्या बेळगाव-निपाणी भागात एक शब्द असा आहे की त्याचे भाषांतर करण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही. सरकारी फलकावर तो कन्नड लिपीत असतो, मराठी घरांतून तो सर्रास बोलला जातो, आणि दोन्हीकडे तो एकच आहे : अंगणवाडी. कन्नडमध्ये अंगणाला अंगळ म्हणतात, तरी फलकावर अंगनवाडी असेच लिहितात. या नियतकालिकाच्या मराठी विभागाच्या आणि कन्नड विभागाच्या वाचकांना वाद घालायला विषय पुष्कळ आहेत. या शब्दाबद्दल मात्र कोणाचा वाद नाही. तो रूढ केला ताराबाई मोडक यांनी. ज्या अडचणीतून तो शब्द निघाला ती अडचण, आपल्यापैकी जे पुढे शिक्षक होणार आहेत त्यांनी नीट समजून घ्यावी, असे मला फार दिवस वाटत होते. म्हणून हा लेख.

मी शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. सराव पाठाच्या वेळी वर्गात मागच्या बाकावर बसायचे आणि छात्राध्यापकाच्या पाठ टाचणावर लाल शाईने शेरे मारायचे, हा माझा उद्योग. टाचणात पूर्वज्ञानाचा एक रकाना असतो. विद्यार्थ्यांना अमुक गोष्ट माहीत आहे, असे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. कोणत्या विद्यार्थ्यांना? वर्गात चाळीस मुले. त्यांत एकाच्या घरी कन्नड, शाळेत मराठी. दुसऱ्याचे नेमके उलटे. एक मुलगी आठवड्यातून तीनच दिवस येते, कारण आई विड्या वळते आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरे कोणी नाही. एकाला फळ्यावरचे दिसत नाही, पण तो तसे सांगत नाही; शेजाऱ्याच्या वहीत पाहून उतरवून घेतो. एकाला ऐकू कमी येते आणि तो मठ्ठ म्हणून ठरून गेलेला आहे. पूर्वज्ञानाच्या रकान्यात या सर्वांचे मिळून एक वाक्य! माझा छात्राध्यापक आळशी नसतो, त्याला तसेच शिकवलेले असते. टाचण ज्या मुलासाठी लिहिले जाते ते सरासरी मूल आजवर कोणत्याही वर्गात कोणी पाहिलेले नाही.

या रकान्याचा विचार करता करता मी ताराबाईंच्या चरित्राकडे वळलो. त्या शिक्षणतज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध आहेत, १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, वगैरे गोष्टी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतही सापडतात. त्यांच्या आयुष्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र अशी की, ज्या पद्धतीवर त्यांनी वीस-बावीस वर्षे निष्ठेने काम केले, त्या पद्धतीची मांडणी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर, समोरची मुले निराळी निघाली म्हणून, स्वतःच्या हाताने बदलली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह. त्या काळी अशा घरातील मुलांना समाज कोणत्या नजरेने पाहत असेल याची कल्पना वाचकांना करता येईल. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढल्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला. १९२० मध्ये मुलगी झाली, तिचे नाव प्रभा. संसार मात्र टिकला नाही. १९२१ नंतर ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहू लागल्या, आणि मुलीला घेऊन, स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी, राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य म्हणून गेल्या. शंभर वर्षांपूर्वी एका पदवीधर मराठी बाईने कडेवर मूल घेऊन काठेवाडात नोकरीला जाणे ही काय गोष्ट असेल! असो. त्यांच्या खासगी दुःखाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. एवढेच लक्षात ठेवू की त्यांचे शिक्षणातील पहिले मोठे काम शिक्षिका तयार करण्याचे होते.

राजकोटची नोकरी मानाची होती, पगार बरा होता. ती सोडून १९२३ साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसोरींच्या पुस्तकांपर्यंत पोहोचले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणत. ताराबाईंनी गुजराती आत्मसात केली, आणि पुढली सुमारे नऊ वर्षे दोघांनी मिळून बालमंदिर चालवले, शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर चालवले, पुस्तके लिहिली, मासिक काढले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. त्याच्या शिक्षण-पत्रिकेची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी १९३३ पासून चालवली. मराठी बाईने गुजरातीतून विचार करायला शिकावे, मग तोच विचार मराठीत आणावा, या गोष्टीचे आम्हा सीमेवरच्या लोकांना विशेष वाटावे. आपण दोन भाषांच्या मध्ये राहतो आणि बहुतेक वेळ त्यांच्या भांडणातच घालवतो.

आता माँटेसोरी पद्धतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पुढला मुद्दा कळणार नाही. आज शहरांतून माँटेसोरी म्हटले की टाय लावलेली लहान मुले आणि भरमसाट फी डोळ्यांसमोर येते. मारिया माँटेसोरी या इटलीतील डॉक्टरीणबाई. त्यांची सुरुवात झाली ती त्या काळच्या भाषेत मंदबुद्धी म्हटल्या गेलेल्या मुलांपासून. रोममध्ये १९०० च्या सुमारास त्यांनी या मुलांना शिकवले. त्यासाठी इतार आणि सेग्यँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी बहिऱ्या आणि मतिमंद मुलांसाठी केलेले जुने प्रयोग त्यांनी अभ्यासले. मुलाला डोळ्यांनी अक्षर कळत नसेल तर बोटाने कळू द्या, म्हणून खरखरीत कागदाची अक्षरे आली. उंची, जाडी, वजन, आवाज, स्पर्श यांची साधने आली. ही मुले शिकू लागली तेव्हा माँटेसोरींच्या मनात प्रश्न आला की मग बाकीच्या, धडधाकट म्हणवणाऱ्या मुलांच्या शाळांत काय चालले आहे? १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले आणि तेथून ही पद्धत जगभर गेली. म्हणजे ज्या मुलांना शाळेने बाजूला सारले होते त्यांच्यासाठी शोधलेल्या रीती सर्व मुलांच्या उपयोगी पडल्या. आमच्या प्रशिक्षण महाविद्यालयांतून मात्र अजूनही उलटा क्रम चालतो. आधी सर्वसाधारण मुलाची अध्यापनपद्धती शिकवायची, आणि अपवादात्मक बालक नावाचे एक प्रकरण शेवटी, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उरकायचे.

भावनगरहून ताराबाई अमरावतीला आणि तेथून मुंबईला आल्या. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि जोडीला अध्यापन मंदिर, हीच रचना. मध्यमवर्गीय पालकांनी ते डोक्यावर घेतले. येथपर्यंतच्या कामावर एखाद्याचे आयुष्य सहज सार्थकी लागले असते. १९३९ मध्ये गिजुभाई वारले. त्याच वर्षी माँटेसोरीबाई हिंदुस्थानात आल्या आणि त्यांच्या पद्धतीला शहरांतून प्रतिष्ठा मिळाली. साधने महाग होती, खोल्या नीटनेटक्या होत्या, मुलेही न्हाऊमाखू घातलेली होती. खेड्यांतील मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना तेव्हापासून स्वस्थ बसू देत नव्हता. वर्ध्याच्या बुनियादी शिक्षणात सात वर्षांच्या आतल्या मुलांसाठी काय करावे याची चर्चाही त्याच काळात सुरू झाली होती.

१९४५ च्या डिसेंबरात डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव, चिकूच्या वाड्यांचे. आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे शिक्षणाला वाहून घेतलेले गृहस्थ तेथे होते, चांगली माध्यमिक शाळा होती. याच परिसरात त्याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींचा वेठीविरुद्धचा लढा पेटला होता. एकाच वर्षी एकाच मुलखात एक बाई वेठ मोडायला आणि दुसरी बालवाडी काढायला येते. दोघींचे मार्ग अगदी निराळे. परंतु ताराबाईंच्या बालवाडीत येणारी किंवा न येणारी मुले त्याच माणसांची होती, हे विसरता कामा नये.

याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई १९१० च्या, पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या. १९४५ साली बोरिवलीला ग्रामसेविकांचे एक शिबिर झाले, तेथे दोघींची गाठ पडली. अनुताई बोर्डीला आल्या आणि आयुष्यभर त्याच कामात राहिल्या. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, अनुताई पस्तिशीच्या. ताराबाई कल्पना काढणाऱ्या, अनुताई ती दररोज सकाळी उठून अमलात आणणाऱ्या, असे ढोबळमानाने म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. दररोज काम करणाऱ्या माणसाला कल्पना काढल्यावाचून गत्यंतरच नसते.

बोर्डीची बालवाडी उघडली आणि एक गोष्ट लगेच दिसली. गावातली बरी मुले आली. हरिजनवाड्यातली येईनात. बोलावणी केली, समजावले, तरी येईनात. का येत नाहीत याची उत्तरे शिक्षकांच्या खोलीत नेहमी तयार असतात : आईबापांना शिक्षणाची किंमत नाही, मुलांना वळण नाही. ताराबाई त्या उत्तरावर थांबल्या नाहीत. मुले आपल्याकडे येत नाहीत तर आपण त्यांच्याकडे जाऊ, असे ठरले. बालवाडी उचलून त्यांच्या वस्तीत नेली. तेथे इमारत कसली? घरापुढले अंगण झाडले आणि तेथेच मुले जमवली. ती अंगणवाडी. मध्यवर्ती बालवाडी एक आणि वस्तीवस्तीत जाणाऱ्या अंगणवाड्या, अशी व्यवस्था त्यातून तयार झाली.

यात शिक्षिकेचे काय झाले ते पाहा. दादरच्या शिशुविहारात तिच्यासमोर मूल तयार होऊन येत होते. येथे मुलाला आंघोळ घालण्यापासून तिची तयारी. केस विंचरायचे, नखे काढायची, खरूज धुवायची, मग गाणी आणि गोष्टी. आपण विटाळ मानतो की नाही याची परीक्षा तिची रोज सकाळी होई. कपाटातली साधने अंगणात नेता येत नव्हती, नेली तरी ती मुलांना परकी. म्हणून शिंपले, चिंचोके, बिया, पाने, दगडगोटे, बांबूच्या कांड्या, माती यांतून साधने उभी केली. लहानमोठे लावायचे तर शिंपले लावा. मोजायचे तर बिया मोजा. जाडबारीक ओळखायचे तर काड्या. माँटेसोरींचे तत्त्व कायम, सामान त्या जागेचे. पद्धतीची अक्षरशः नक्कल करणाऱ्यांना हे रुचले नसेल. पण पद्धतीचा गाभा कोणता आणि कवच कोणते हे कळण्यासाठी आधी ती पद्धत पक्की यावी लागते. ताराबाईंना ती दोन तपांच्या कामातून आलेली होती, म्हणून त्या कवच टाकू शकल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण हल्ली परिस्थितीप्रमाणे बदल या नावाखाली काहीच न शिकवण्याचीही पद्धत पडली आहे.

१९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. त्याविषयी विशेष लिहिण्याचे कारण नाही. त्यांचे खरे काम पुढेच सरकत होते, आणि तेही डोंगराकडे. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे वारल्यांचे पाडे. बोर्डीला जे प्रश्न होते ते येथे दुप्पट झाले.

वारली मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की गुरांमागे जातो. घरची नाहीतर जमीनदाराची. त्याला दहा ते पाच शाळेत बसवणे म्हणजे घरातला एक मिळवता हात कापणे. मुलगी असेल तर धाकटे भावंड तिच्या कडेवर. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने दंड करता येतो, गुरे राखता येत नाहीत. तेव्हा कुरणशाळा निघाली. जेथे गुरे चरतात त्या माळावर शिक्षकाने जायचे. गुरे चरत असताना झाडाखाली मुले जमायची. वाचन, गोष्ट, मोजणी, पानाफुलांची ओळख, जे होईल ते करायचे. एखादे वासरू कोणाच्या शेतात शिरले की एक जण उठून जाणार आणि परत येऊन बसणार. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. आणि धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी.

विकासवाडीची रचना मला सर्वांत बुद्धिमान वाटते. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईने येताना तान्हे मूल आणि तीन-चार वर्षांचा भाऊ दोघांनाही घेऊन यावे. तान्हे पाळणाघरात, भाऊ बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात. मधूनमधून उठून ती धाकट्याकडे बघून आली तरी हरकत नाही. आमच्या निपाणीत विड्या वळणाऱ्या किंवा तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बायकांच्या मुली ज्या कारणाने शाळेतून गळतात, तेच हे कारण. एखाद्या मुलीच्या गैरहजेरीवर आमचे शिक्षक महिनाभर लाल शाईची अ लिहीत राहतात. तिच्या कडेवरच्या मुलाची सोय केली की हजेरीचा प्रश्न उरत नाही, ही गोष्ट कोसबाडला सहा दशकांहून अधिक काळापूर्वी करून दाखवलेली आहे.

मी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो शिक्षक तयार करण्याचा. कोसबाडला त्याचे वेगळे खाते नव्हते. भावनगर, दादर, बोर्डी, कोसबाड, प्रत्येक ठिकाणी ताराबाईंनी मुलांच्या शेजारीच अध्यापनाचे वर्ग ठेवले. शिकाऊ सेविकेने पाड्यावर जायचे, मुले गोळा करून आणायची, त्यांना धुवायचे, खेळवायचे, आणि मग वर्गात बसून बालमानस शिकायचे. क्रम लक्षात घ्यावा. आमच्याकडे आधी मानसशास्त्राचा पेपर, नंतर मूल. माँटेसोरी पद्धतीत शिक्षिकेचे पहिले काम बोलण्याचे नसून बघण्याचे असते. कोणते मूल कशाला हात लावते, किती वेळ रमते, कोठे अडते. हे बघणे भावनगरला शांत खोलीत साधत होते. कोसबाडला ते मुलाच्या झोपडीपर्यंत पसरले. मूल आज का झोपाळू आहे याचे उत्तर त्याच्या चुलीपाशी सापडते, काल रात्री घरात काही शिजले की नाही यात सापडते. मला वाटते, विविध गरजांच्या मुलांसाठी शिकवणे बदलावे कसे, या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. गरज कोणती हे शिक्षकाला दिसले नाही तर बदलायचे काय?

स्तुतिस्तोत्र गाण्याचा माझा इरादा नाही, म्हणून दोन शंकाही मांडतो. पहिली भाषेची. वारल्यांची बोली आपल्या पुस्तकी मराठीहून बरीच वेगळी आहे. शाळा माळावर गेली, साधने शिंपल्यांची झाली, पण पुढे चौथीची परीक्षा आणि पाठ्यपुस्तक पुस्तकी मराठीचेच. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा काटा लगेच टोचतो. घरी एक भाषा, फलकावर दुसरी, परीक्षेत तिसरी, हे येथे असंख्य मुलांच्या वाट्याला येते. वेळ, जागा आणि साधने शिक्षकाला आपल्या हातात घेता येतात. परीक्षेची भाषा त्याच्या हातात नसते. दुसरी शंका अशी की हे सर्व काम आपल्या जिवाची पर्वा न करणाऱ्या बायकांच्या त्यागावर उभे होते. ताराबाई आणि अनुताई संसाराबाहेर पडलेल्या होत्या. नोकरी म्हणून शिक्षक होणाऱ्या, दुचाकीवर वीस किलोमीटर ये-जा करणाऱ्या, घरी म्हातारे आईवडील असणाऱ्या माणसाकडून आपण तेवढ्याची अपेक्षा करणार काय? त्यागावर चालणारी व्यवस्था सरकारला स्वस्त पडते, म्हणून तिचे कौतुकही फार होते. अंगणवाडी सेविकांना आजही नियमित पगार मिळत नाही, मानधन मिळते. त्यासाठी त्यांना बेंगळुरूला आणि मुंबईला मोर्चे न्यावे लागतात.

तरीही जे साध्य होते ते सोडू नये. मी माझ्या छात्राध्यापकांना अलीकडे एक काम लावतो. सराव पाठाच्या आधीच्या आठवड्यात वर्गातील तीन मुलांच्या घरी जाऊन यायचे. हुशार आणि ढ अशी निवड करायची नाही. हजेरीपटावरून कोणतेही तीन आकडे घ्यायचे. परत आल्यावर पूर्वज्ञानाचा रकाना लिहायचा. पहिल्या वर्षी पुष्कळांनी कुरकुर केली. नंतर रकान्यातली वाक्ये हळूहळू बदलली. एकाने लिहिले होते की वर्गातल्या पाच मुलांना दशमान अपूर्णांक माहीत नाहीत, पण तंबाखूच्या वजनकाट्यावरचे पाव आणि अर्धा किलो सर्वांना पाठ आहेत. त्याने मग पाठ काट्यावरूनच सुरू केला. तो पाठ काही आदर्श झाला नाही, फलकलेखनाला त्याला मी कमीच गुण दिले. पण त्या तासाला मागच्या बाकावरची मुले पुढे सरकून बसली होती.

आता कायदे पुष्कळ झाले आहेत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, आणि त्यात समावेशक शिक्षण हा शब्द स्पष्ट आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने २०१४ नंतर बी. एड्. दोन वर्षांचे केले, आणि समावेशक शाळा हा विषय अभ्यासक्रमात घातला. एकेकाळी शेवटच्या आठवड्यात उरकले जाणारे प्रकरण आता स्वतंत्र विषय झाले, हे चांगलेच झाले. त्याची गाईडेही लगेच बाजारात आली! ब्रेल कोणी काढली, कर्णबधिरत्वाचे प्रकार किती, यावर माझे विद्यार्थी न अडखळता लिहितात. चिकोडी-अथणीकडे बकऱ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांची मुले, हंगामात साखर कारखान्यांभोवती पालात राहणाऱ्या ऊसतोड्यांची मुले, ही कोणत्या प्रकरणात येतात, असे विचारले की ते गप्प होतात. ताराबाईंच्या कुरणशाळेत ती पहिल्या रांगेत बसली असती. रांग असती तर.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी मुंबईत वारल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. केंद्राला नाव दिले अंगणवाडी. योजनेत आहार आला, लसीकरण आले, वजनाचे तक्ते आले, आणि ते सर्व हवेच होते. पण सेविकेच्या हातात इतकी रजिस्टरे आली की मुलाकडे बघत बसायला तिला वेळ उरला नाही. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे एकोणीस वर्षे चालवले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचेही निधन झाले. बोर्डी आणि कोसबाड आता ठाणे जिल्ह्यात नाहीत. २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. निपाणीहून जायचे तर मुंबई गाठून पश्चिम रेल्वेने डहाणू रोड किंवा घोलवडला उतरावे लागते. शैक्षणिक सहल नेहमी म्हैसूर आणि श्रवणबेळगोळलाच नेली पाहिजे असे कोठे लिहिलेले नाही. पुढल्या वर्षी सहलीची वर्गणी ठरेल तेव्हा हा पत्ता मी सुचवणार आहे.